सुनिलची पाठ

जयवंती वरठा लग्न होऊन खडकपाड्यावर आली, तेव्हा पाड्यातल्या बायकांनी तिला बघून आपसांत एवढंच म्हटलं होतं, की ही भाताच्या आवणीला, रोपं लावायला, टिकायची नाही. अंगाने ती किडकिडीत, मनगटं एवढीशी, आणि उंचीला नवऱ्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी. नवरा सुनिल मात्र आडदांड गडी. भाताचा भारा डोक्यावर घेऊन चढण चढताना त्याला धाप लागत नसे. तलासरीच्या चर्चमध्ये दोघांचं लग्न लागलं, त्या दिवशी फोटो काढताना त्याने तिला एक पायरी वर उभं केलं होतं, म्हणजे दोघं सारखी दिसतील.

खडकपाडा तलासरीहून उधव्याकडे जाताना डोंगराच्या अंगाला आहे. चाळीसेक घरं, सगळी वारल्यांची. त्यातली सहा कॅथलिक. सुनिलची आई तानी लहान असताना तिच्या बापाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासूनची ही घरं. बाकीचा पाडा चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जाणारा, नवं भात घरात आलं की कणसरी या धान्यदेवीची पूजा करणारा. एकमेकांच्या शेतात राबणं, एकमेकांच्या लग्नात नाचणं, यात कुणाचा देव कुठला हे सहसा आड येत नसे.

भात झोडून झालं की सुनिल दर वर्षी समुद्राकडच्या वाड्यांमध्ये चिकू काढायला जायचा. आठवडाभर चिखल्याला एका वाडीत राहायचं, शनिवारी घरी, रविवारी चर्चमध्ये मिस्सा, की पुन्हा जीपने परत. उंच शिडीवर उभं राहून लांब काठीच्या जाळीत फळ अलगद उतरवायचं काम. त्यात त्याचा हात इतका बसलेला, की त्याच्या टोपलीतल्या चिकूला ओरखडा सापडायचा नाही. त्या वर्षी राखेचा बुधवार होऊन, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होऊन, दोन आठवडे झाले होते. आदल्या दिवशी झाडांना पाणी दिलेलं, जमीन भुसभुशीत. शिडीचा एक पाय रुतला, शिडी कलंडली आणि सुनिल पाठीवर पडला. खाली पाटाची सिमेंटची कड होती.

वाडीतल्या लोकांनी लगोलग गाडी काढून त्याला वापीला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. तीन आठवडे जयवंती तिथल्या वऱ्हांड्यात राहिली. चार वर्षांची मुलगी हर्षदा आजीपाशी, घरी. डॉक्टरांनी सांगितलं ते साधंच होतं. मणका जोडला आहे, पण आतली दोरी तुटली. कमरेखाली आता त्याला काही कळणार नाही, हलवताही येणार नाही.

निघायच्या दिवशी एका तरुण डॉक्टरने तिला बाजूला घेतलं आणि गुजराती-हिंदीची सरमिसळ करत एक गोष्ट नीट समजावून दिली. अशी माणसं मणक्याने जात नाहीत, पाठीच्या जखमांनी जातात, तो म्हणाला. एकाच कुशीवर पडून राहिलं की खालचं मांस कुजतं, आणि दुखत नसल्यामुळे त्याला स्वतःला ते कळतच नाही. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा, रात्री, सणाला, सुतकाला. एकदाही चुकायचं नाही. जयवंतीने मान हलवली. पुढे ती म्हणायची, की त्या तीन आठवड्यांत कानावर पडलेल्या बोलण्यातलं तेवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

घरी आणल्यावर सुनिल खाटेवर पडून छताची कौलं बघायचा. कुणाशी बोलायचा नाही. त्याला लघवीची नळी लावलेली. ती साफ करताना तो तोंड भिंतीकडे वळवायचा. लोक बघायला येत, थोडा वेळ बसत, जात. वरच्या बाजूच्या घरातला म्हातारा हाल्या दोनदा येऊन गेला. त्याची बायको कमळी आली नाही. ती जयवंतीला हातपंपावर भेटली. तिथे तीन-चार बायका असताना कमळी म्हणाली, की आपले देव टाकून दुसरीकडे गेलं की असंच व्हायचं, आणि आता तो त्यांचा देव कुठे आहे ते तरी कुणी विचारा. जयवंतीने हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि ती उतारावरून खाली आली. कमळीने जे विचारलं, तेच ती स्वतः वापीच्या वऱ्हांड्यात बसून विचारत होती. तिने कधी रविवारची मिस्सा चुकवली नव्हती. सुनिल तर उपवासाचे सगळे शुक्रवार पाळायचा. मग ही शिडी त्याच्याच पायाखालून का जावी? तिने जपमाळ म्हणणं सोडून दिलं. संध्याकाळी तानी एकटीच चिमणी लावून प्रार्थनेला बसे, आणि जयवंती ओट्यावर पाठमोरी बसून राही.

गुड फ्रायडेच्या दोन दिवस आधी तिचा भाऊ नितीन आला. त्याने सुनिलची चौकशी केली, मग बहिणीला पडवीत बोलावून सांगितलं, की पोरीला घे आणि घरी चल. तू सव्वीस वर्षांची आहेस, अख्खं आयुष्य पुढे आहे. तो रागाने किंवा तिरस्काराने बोलला नव्हता, बहिणीच्या काळजीनेच बोलला होता. पडवी आणि खाट यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. सुनिलने सगळं ऐकलं. त्या रात्री तो जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

गुड फ्रायडेला जायचं तिच्या मनात नव्हतं. तानीने तिला जवळजवळ ढकलूनच पाठवलं. मुलाला मी बघते, हाल्याच्या पोरांना हाक मारीन, पण तू जा, म्हणाली. तलासरीला त्या दिवशी पाड्यापाड्यांतून माणसं येतात. उन्हात क्रुसाची वाट सुरू झाली, येशूने क्रूस वाहून नेला त्या वाटेची चौदा ठिकाणं. एकेका ठिकाणी थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायची, गात पुढे जायचं. नववं ठिकाण येशू तिसऱ्यांदा पडतो ते. जयवंतीने सगळ्यांबरोबर गुडघे टेकले. प्रार्थना संपली, माणसं उठली, गाणं पुढच्या ठिकाणाकडे सरकलं. तिला मात्र उठता येईना.

लहानपणापासून तिने ही वाट कितीतरी वेळा केली होती. पण तीनदा पडणं म्हणजे काय, हे तिने कधी धड मनावर घेतलं नव्हतं. आज ते तिच्या अंगावर आलं. येशू पहिल्यांदा पडला तेव्हा त्याच्या बापाने, देवाने, त्याला उचललं नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. स्वतःच्या लेकराला उचललं नाही. आणि तरी तो तिन्ही वेळा उठला. ओझं तेच, वाट तीच, तरी उठला. मग ते उठण्याचं बळ कुठून आलं असेल? गेले इतके आठवडे ती देवाकडे एकच गोष्ट मागत होती आणि ती मिळत नाही म्हणून रुसून बसली होती. तिला सुनिलचे पाय हवे होते. तापलेल्या मातीत गुडघे रुतवून तिने त्या दिवशी पहिल्यांदा दुसरं काही मागितलं. माझ्या दंडांत बळ घाल, ती मनात म्हणाली. बाकीचं मी बघते.

कुठल्याशा पाड्यातल्या एका अनोळखी म्हातारीने तिला कोपराला धरून उठवलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि काही न विचारता ती पुढे निघून गेली.

जयवंती घरी आली तेव्हा उन्हं उतरली होती. सुनिलने तिच्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली.

"तुझा भाऊ बरोबर बोलला. तू जा. पोरीला घेऊन जा. माझं काय, आई आहे."

जयवंतीने पाय धुतले, पदराला हात पुसले आणि खाटेशी येऊन उभी राहिली.

"चर्चमध्ये मी हो म्हटलं, ते तुझ्या पायांना नव्हतं म्हटलं," ती म्हणाली. "आता कूस बदलायची वेळ झाली. तुझे हात धड आहेत. खाटेची दांडी धर नि तूपण जोर लाव."

पडल्यापासून सुनिल रडला नव्हता, तो तेव्हा रडला. मग त्याने दांडी धरली आणि ओढलं.

पाव क्विंटलच्या पोत्याला वाकणारी ही बाई त्या धिप्पाड देहाला दिवसातून बारा वेळा उलटायची. पहिले आठ दिवस तिची कंबर मोडून गेली. मग तिला एक रीत सापडली. हात अंगाखाली घालायचे आणि नमो मारिया ही प्रार्थना सुरू करायची, तीनदा. पहिलीत खांदा वळवायचा, दुसरीत कंबर, तिसरीत पाय आणि गुडघ्यांमधली उशी. प्रार्थनेला जेवढा वेळ तेवढाच वेळ, घाई नाही, झटका नाही. शब्दांच्या तालावर अंग आपोआप उचललं जाई. महिन्याभरात सुनिलही सोबत म्हणायला लागला. हर्षदा झोपेत ती प्रार्थना ऐकून ऐकून शाळेत जायच्या आधीच पाठ म्हणू लागली.

हे सगळं चांगलं चाललंय असं वाटत असतानाच पाऊस आला आणि आवणी आली. तुकडाभर का होईना, घरचं शेत होतं, आणि ते लावणारी आता एकटी जयवंती. तीन दिवस ती चिखलात वाकून होती. तानीने आपल्या परीने मुलाची कूस बदलली, पण सत्तरीच्या हातांनी तो पुरता वळत नसे. चौथ्या दिवशी जयवंतीने त्याची पाठ पुसायला घेतली, तेव्हा माकडहाडावर अंड्याएवढी काळी जागा दिसली. सुनिलला त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

उपकेंद्राच्या नर्सबाई योगिता छत्री घेऊन पायवाटेने आल्या. त्यांनी मेलेली कातडी काढली, तेव्हा आत अंगठा जाईल एवढा खड्डा निघाला. सुनिलला दहा-बारा दिवस डहाणूला दाखल करावं लागलं. परत आल्यावर नर्सबाईंनी काही लपवलं नाही. अशी जखम भरायला कितीतरी महिने जातात, आणि बऱ्याच जणांची भरतच नाही. पण त्यांनी जयवंतीला शेजारी बसवून सगळं शिकवलं. पाणी उकळून त्यात मीठ किती घालायचं, जखम आतून बाहेर कशी धुवायची, पट्टी कशी ठेवायची, वास आणि रंग कसा ओळखायचा. जयवंती चौथीपर्यंत शिकलेली. तिने काहीही लिहून घेतलं नाही आणि काहीही विसरली नाही.

महिन्यातून एकदा फादर पाड्यावर मिस्साला येत. त्या खेपेला जयवंती पापकबुलीला बसली आणि तिने सांगितलं, की नवऱ्याच्या पाठीला माझ्या चुकीने जखम झाली. फादरांनी तिच्याकडून तिचा अख्खा दिवस विचारून घेतला. ती केव्हा उठते, काय खाते, केव्हा झोपते. मग ते म्हणाले, की बाई, हे पाप नाही, हे दमणं आहे. पण प्रायश्चित्त द्यायचंच तर देतो. रोज दुपारी एक तास झोपायचं. तेवढा वेळ सासूने आणि शेजारणीने बघायचं. हे मोडलंस तर मात्र पुढच्या महिन्यात येऊन सांगायचं. जयवंतीला आधी हसू आलं आणि मग, कबुली संपवून उठताना, तिचे डोळे भरून आले. तिने ते प्रायश्चित्त पाळलं. शेजारची जोसेफाबाई रोज दुपारी येऊन बसू लागली.

ट्यूबची कल्पना तिला हायवेवर सुचली. तलासरीला औषध घेऊन ती जीपची वाट बघत टायरवाल्याच्या दुकानासमोर उभी होती. दुकानातला माणूस ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर आडवा होऊन खुशाल पडला होता. ती त्याच्याकडे इतका वेळ टक लावून बघत राहिली, की तो उठून बसला आणि काय पाहिजे म्हणून विचारायला लागला. तिने सगळं सांगितलं. त्याने स्कूटरच्या जुन्या ट्यूब शोधून काढल्या, त्यांची पंक्चरं काढली आणि अकरा ट्यूब आणि हवा भरायचा एक जुना पंप तिच्या पिशवीत घालून दिला.

घरी येऊन तिने खाटेची नवार सोडली आणि एकेक ट्यूब दोन्ही दांड्यांना अडकवून आडवी ओढून बांधली. वर गोधडी घातली. पहिल्या दिवशी सुनिल मधल्या फटीत बसला, दुसऱ्या दिवशी एक ट्यूब फुटली. मग सुनिलच बोलायला लागला. ट्यूब अर्ध्याच भर, म्हणाला. तोंडं सगळी बाहेरच्या बाजूला घे, म्हणजे पंप लावता येईल. आणि मग त्याने एक युक्ती लढवली. सकाळी एकाआड एक ट्यूबांमध्ये हवा भरायची आणि मधल्या सैल सोडायच्या. दुपारी उलट करायचं. म्हणजे अंगाचा कुठलाच भाग सारखा दाबून राहणार नाही. पंप मारायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. छाताडावर पंप धरून तो पडल्या पडल्या दोन्ही हातांनी हवा भरायचा. कौलं बघत पडलेल्या माणसाला दिवसाचं काम मिळालं. त्याचे दंड पुन्हा भरायला लागले आणि तो पोटभर जेवायला लागला.

जखमेने साडेपाच महिने घेतले. नाताळच्या आधीच्या आठवड्यात नर्सबाई आल्या, त्यांनी पट्टी काढली आणि बोट फिरवून बघितलं. गुलाबी, कोवळी, पण बंद कातडी. त्या कुणाच्या देवाबद्दल कधी बोलत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी हात जोडले. तानीने हाल्याच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सगळ्यांना बातमी सांगितली. त्यानंतर सुनिलच्या पाठीला पुन्हा जखम झाली नाही. दर वर्षी आवणी आली, पण आता पाड्यातल्या बायका आधी वरठांचं शेत लावून द्यायच्या, एका सकाळीत, आणि मग आपल्या शेताकडे वळायच्या. जयवंतीही जमेल तशी त्यांच्या शेतात जाऊन वाकायची. ही टिकायची नाही, असं म्हणणाऱ्या बायकाच आता तिच्या दंडांवरून थट्टा करत.

सहाव्या वर्षी एका सकाळी हाल्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. आत येईना. कमळीला लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून आणून आठ दिवस झाले आणि आता कमरेवर लाल चट्टा दिसतोय, काय करायचं कळत नाही. एवढं बोलून म्हातारा खाली बघत राहिला.

जयवंतीच्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल, तर पाण्याच्या हातपंपावरचा तो दिवस आणि कमळीचा आवाज. हे तिने कधी लपवलं नाही. तिने आधी सुनिलची कूस बदलली, हात धुतले आणि वरच्या घराकडे निघाली. चढावर ती देवाशी स्पष्ट बोलली. माझ्या मनात जायचं नाही, पण मी जाते, तू बघतोयस ना.

कमळी गोधडीवर एका कुशीवर पडली होती. तोंड वाकडं झालेलं, डोळ्यांतून पाणी गळत होतं. जयवंतीला बघितल्यावर तिने मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळली नाही. जयवंती तिच्याशेजारी बसली. कमळीची सून सुषमा घाबरून भिंतीला टेकली होती. तिला जयवंतीने जवळ बोलावलं आणि हात कुठे घालायचे ते तिचे हात धरून दाखवलं. मी उचलताना माझी प्रार्थना मनातल्या मनात म्हणते, त्याशिवाय मला जमत नाही, चालेल ना, असं तिने हाल्याला विचारलं. हाल्या म्हणाला, मोठ्याने म्हण.

महिनाभर ती रोज दोनदा तो चढ चढली. तो चट्टा फुटला नाही. पुढे सुषमाच तयार झाली. कमळी आणखी चार वर्षं जगली, काठी घेऊन अंगणात फिरायला लागली, शब्दही थोडे थोडे परत आले. एकदा जयवंती तिच्या केसांना तेल लावत असताना तिने फार वेळ जुळवाजुळव करून एक वाक्य पुरं केलं.

"तुझ्या देवाला माझा नमस्कार सांग."

जयवंतीने त्या संध्याकाळी प्रार्थनेत तो नावानिशी सांगितला.

मग नर्सबाईंनीच तिला ठिकठिकाणी न्यायला सुरुवात केली. कुठे झाडावरून पडलेला ताडीवाला, कुठे कंपनीच्या गाडीवरून घसरलेला जावई, कुठे बाळंतपणानंतर अंग लुळं पडलेली पोर. कधी चालत, कधी जीपने. तिच्या पिशवीत साबण, टॉवेल, हवेचा पंप आणि जपमाळ. कुठल्या घरात क्रूस होता, कुठल्या घरात महालक्ष्मीचा फोटो, कुठल्या घरात दोन्ही नव्हतं. पाठ सगळ्यांची सारखीच, ती म्हणायची. तिने किती घरं केली हे तिला विचारलं तर सांगता येत नाही. सुनिलला येतं. त्याला प्रत्येक रुग्णाचं नाव आठवतं, कारण ती घरी आली की तो आधी तेच विचारतो. संध्याकाळच्या प्रार्थनेत तो एकेकाचं नाव घेतो, आणि ती यादी आता इतकी लांबली आहे की तानी मध्येच पेंगते.

गेल्या हिवाळ्यात तलासरीला तालुक्यातल्या साठ आशाताईंचं प्रशिक्षण होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी, हा विषय. नर्सबाईंनी तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांना सांगून ठेवलं होतं, की पडद्यावर चित्रं दाखवण्यापेक्षा खडकपाड्यावरून एका बाईला बोलवा. जयवंतीने आधी नाही म्हटलं. साठ माणसांसमोर आपण काय बोलणार. सुनिल म्हणाला, बोलू नकोस, नुसतं दाखव, मी येतो ना. टेम्पो केला, त्यात ट्यूबची खाट चढवली, आणि तिच्यावर सुनिल, धुतलेला सदरा घालून. तानी सत्तरी कधीच ओलांडलेली, तीही हट्टाने पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.

मोठ्या खोलीच्या मधोमध खाट मांडली. जयवंतीने कुणाकडे बघितलं नाही. हात सुनिलच्या अंगाखाली घातले, डोळे मिटले, ओठ हलले. खांदा, कंबर, पाय. इतक्या सहज, की मागच्या बाकावरच्या बायका काय झालं ते बघायला उभ्या राहिल्या. साहेबांनी तिला पुन्हा करायला लावलं. मग त्यांनी सुनिलचा सदरा वर केला आणि त्याची पाठ बघितली. खांद्यापासून कमरेपर्यंत, आणि तिच्याखाली तो जुना वण. त्यांनी हात फिरवला, बोटाने दाबून बघितलं, आणि मग सगळ्यांना जवळ बोलावलं. अकरा वर्षं झोपून असलेल्या माणसाची पाठ अशी मी शहरातल्या दवाखान्यातही बघितलेली नाही, ते म्हणाले. आणि ही खाट बघा. अशा गाद्या तिकडे यंत्रावर चालतात.

साठजणी एकेक करून खाटेजवळून गेल्या. सुनिल पालथा पडून हसत होता. साहेबांनी जयवंतीला विचारलं, की तुम्ही हे कुठल्या हॉस्पिटलमध्ये शिकलात?

खाटेवरून सुनिलच बोलला.

"माझ्या अंगावर शिकली, साहेब."

खोलीत हसू फुटलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, की एवढी वर्षं रोज, रात्रंदिवस, एकदाही न चुकता, हे तुम्हाला झेपलं कसं. जयवंतीने पदर सारखा केला.

"झेपलं नाही," ती म्हणाली. "रोज सकाळी वाटतं, आज जमणार नाही. मी देवाला म्हणते, मला फक्त आजच्यापुरतं दे. तो तेवढंच देतो. जास्त कधी दिलं नाही, पण कमीही पडू दिलं नाही."

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली तानी उठून उभी राहिली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. ती माझी सून आहे, एवढंच तिने साठ बायकांना सांगितलं आणि परत बसली.

त्या दिवसानंतर बोलावणी लांबून यायला लागली. परवा चिंचणीहून आलं. बोटीच्या धक्क्यावर घसरून पडलेला एक मच्छीमार, तरणाबांड, कमरेखाली गेलेला. नर्सबाई आणि जयवंती जीपने निघाल्या. सोबत हर्षदा होती. ती आता अकरावीला आहे, आणि सुट्टीच्या दिवशी आईबरोबर जाते. हायवेवर विवळवेढ्याच्या कमानीपाशी जीपमधल्या सगळ्यांनी महालक्ष्मीला हात जोडले. नर्सबाईंनीही जोडले. जयवंतीने कपाळाला बोट लावून क्रुसाची खूण केली. शेजारच्या म्हातारीने सरकून तिला खांद्याला टेकायला जागा करून दिली.

चिंचणीच्या त्या घरासमोर काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते. आत तरुण नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याची बायको दारात उभी, केस विस्कटलेले, कितीतरी दिवसांत धड झोप नसलेली. नर्सबाई सरळ खाटेकडे गेल्या. हर्षदाने पिशवीतून पंप आणि ट्यूब काढल्या. जयवंती मात्र त्या पोरीपाशी थांबली. तिचा हात हातात घेतला आणि तिला ओट्यावर बसवलं.

"त्याचं आपण बघू," जयवंती म्हणाली. "आधी सांग, तू जेवलीस का?"